कुंपणापलीकडचा विमानतळ

भिवंडीला विमानतळ नाही. तरीही मुंबईचा विमानतळ खरोखर कशावर चालतो हे पाहायचं असेल, तर सहारच्या टर्मिनलमध्ये जाण्याआधी मानकोली नाक्यावर उभं राहावं. ठाण्याहून नाशिककडे निघालेला महामार्ग इथून जातो. त्याच्या दोन्ही अंगांना मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर आणि कशेळीची गोदामं पसरली आहेत. पुढे सोनाळे, वडपे, पडघ्यापर्यंत ती संपतच नाहीत. ठाणे शहरात दिवसाच्या ठरावीक वेळांत अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे इथला दिवस उशिरा सुरू होतो. अंधार पडला की गाळ्यांची शटरं वर जातात, हमालांच्या टोळ्या कामाला लागतात आणि कागद हातात घेतलेले ड्रायव्हर ओळीत उभे राहतात. कुणाला न्हावाशेवा गाठायचं असतं, कुणाला नाशिक, कुणाला सहारचा एअर कार्गो.

विमानाने जाणारा माल वजनाने थोडा आणि मोलाने फार असतो. जगाच्या व्यापारातला जेमतेम एक टक्का माल हवेतून जातो, पण किमतीत मोजला तर तो साधारण एक तृतीयांश भरतो. औषधं, मोबाइल, यंत्रांचे सुटे भाग, घाईच्या ऑर्डरचे कपडे आणि हंगामात हापूस आंबा. अशा मालाचा अर्धा दिवस गाडीत गेला, तर विमानाचं महागडं भाडं भरण्याला काही अर्थ उरत नाही.

भिवंडीसमोर आता दोन विमानतळ आहेत. जुना सहारचा, आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा. दोन्ही एकाच उद्योगसमूहाच्या ताब्यात आहेत. सार्वजनिक जमिनीवरचा एवढा मोठा कारभार खासगी कंपनीकडे जातो, तेव्हा नेमकं काय तिच्या हाती जातं आणि काय सरकारच्या गळ्यात राहतं? या प्रश्नाचं उत्तर भिवंडीतून फार स्पष्ट दिसतं.

एका कराराची गोष्ट

मुंबईची विमानं आधी जुहूला उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आणलेलं छोटं विमान जुहूलाच उतरलं होतं. पुढे सांताक्रूझ आणि सहार वाढले. देशातल्या विमानतळांचा सगळा कारभार सरकारी होता आणि १ एप्रिल १९९५ पासून तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे एकवटला. १९९९ मध्ये मुंबईच्या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. हे नाव भिवंडीला परकं नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर महाराजांनी इथल्याच खाडीत जहाजबांधणी सुरू केली होती. व्यापाराची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्य, हे ओळखून स्वराज्याने ते काम स्वतःकडे घेतलं होतं.

विसाव्या शतकाच्या अखेरीला सहारचा विमानतळ गर्दीने दमला होता. टर्मिनल जुनी, रांगा लांब, आणि विस्तारासाठी सरकारकडे पैसा नाही. २००३ मध्ये प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली. दिल्ली आणि मुंबईच्या निविदा निघाल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला. अनिल अंबानींची रिलायन्स निविदेच्या निकालाविरुद्ध न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरली. अखेर दिल्ली जीएमआरला मिळाली आणि मुंबई हैदराबादच्या जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालच्या गटाला. त्या गटात दक्षिण आफ्रिकेच्या दोन कंपन्याही होत्या.

४ एप्रिल २००६ रोजी करार झाला आणि ३ मे रोजी विमानतळाचा ताबा ‘मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड’ या कंपनीकडे गेला. भागभांडवलात ७४ टक्के खासगी गट, २६ टक्के प्राधिकरण. कंपनीने दरवर्षी एकूण उत्पन्नाचे ३८.७ टक्के प्राधिकरणाला द्यायचे. नफ्यावर नव्हे, उत्पन्नावर, हे इथे महत्त्वाचं. मुदत ३० वर्षं आणि पुढे आणखी ३० वर्षं वाढवण्याचा अधिकार.

भिवंडीतल्या गाळामालकाला हा करार समजायला वेळ लागणार नाही. जमीन मालकाची, धंदा भाडेकरूचा, भाडं ठरलेलं आणि मुदत संपली की किल्ली परत. फरक एवढाच की इथे इमारतही भाडेकरूने बांधायची होती आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोय नव्हती.

हा दुसरा फरक फार मोठा आहे. कपड्याचं दुकान महाग वाटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. विमानतळाला शेजारी नसतो. त्यामुळे असा धंदा खासगी हाती देताना स्पर्धेची जागा करार, नियंत्रण आणि जाब विचारणाऱ्या लोकांनी भरून काढावी लागते. तीनपैकी एकही कमी पडलं तर गिऱ्हाइकाचा तोटा होतो.

कंपनी काय चालवते, काय नाही

‘विमानतळ विकला’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. विकलेला नाही. जमीन प्राधिकरणाचीच आहे. विमानांना उतरण्याची परवानगी देणारे नियंत्रक आजही प्राधिकरणाचे कर्मचारी आहेत. दारावर बंदूक घेऊन उभा असलेला जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा आहे. डिसेंबर १९९९ मधल्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा या दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी सरकारी, सीमाशुल्कही सरकारी, आणि धावपट्टी वापरण्याजोगी आहे की नाही हे ठरवणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयही सरकारी.

कंपनीकडे असतात धावपट्ट्यांची देखभाल, टर्मिनल, दुकानं, जाहिराती, पार्किंग, विमान उभं करण्याच्या जागा आणि कार्गोच्या शेडचे ठेके. मालाची प्रत्यक्ष हाताळणी वेगळ्या ठेकेदार कंपन्या करतात. भिवंडीहून गेलेली एक पेटी या सगळ्या हातांतून जाते. गोदामातून टेम्पोत, टेम्पोतून सहारच्या शेडवर. तिथे शिपिंग बिल आणि एअर वे बिल तपासलं जातं, वजन होतं, एक्स-रे होतो, सीमाशुल्क मोकळीक देतं आणि मग ती विमानाच्या पोटात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तबकावर जाळीखाली बांधली जाते. आयातीचा माल याच वाटेने उलटा येतो आणि मोफत मुदतीत उचलला नाही तर डेमरेज, म्हणजे साठवणुकीचं जादा भाडं, चढू लागतं. कुठेतरी उशीर झाला तर पार्टी एजंटाला विचारते, एजंट ठेकेदाराला, ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी सीमाशुल्काकडे. पैसे मात्र माल पाठवणाऱ्याचे जातात.

कंपनीने केलेलं कामही मोकळेपणाने मान्य करायला हवं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने मुंबईत एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथे २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली. २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवासी तिथून गेले. १० जानेवारी २०१४ रोजी उद्घाटन झालेलं दुसरं टर्मिनल देशातल्या उत्तम इमारतींत गणलं जातं. राजीव सेठी यांनी रचलेला तिथला ‘जय हे’ हा कलासंग्रह अनेक प्रवाशांना पाहायला मिळालेलं एकमेव संग्रहालय असेल. सरकारी खात्याने हे एवढ्या वेगाने केलं असतं, असं मला वाटत नाही.

पण याच काळातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. विमानतळाच्या जमिनीपैकी सुमारे २७६ एकरांवर झोपडपट्टी होती. तिच्या पुनर्वसनाचं काम २००७ मध्ये एका बांधकाम कंपनीला दिलं गेलं आणि २०१३ मध्ये तो करार रद्द झाला. कुर्ल्यात इमारती उभ्या राहिल्या, विमानतळाभोवतीची वस्ती मात्र बहुतांशी तिथेच राहिली. जिथे लोकांशी बोलणं, पात्रता ठरवणं, पर्यायी जमीन देणं आलं, तिथे कंपनीची कार्यक्षमता कामी आली नाही. ते राज्यसंस्थेचं काम होतं आणि तेच राहिलं.

पैसा कुठून येतो

दुसऱ्या टर्मिनलचा खर्च वाढत गेला तसा प्रश्न आला, हे पैसे कोण देणार? २००९ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाला १०० आणि परदेशी जाणाऱ्याला ६०० रुपये विकास शुल्क लागलं. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. २६ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असं शुल्क मंत्रालयाच्या पत्रावर वसूल होऊ शकत नाही, नियामकाने ते ठरवलं पाहिजे.

हा नियामक म्हणजे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण. त्याचा कायदा २००८ मध्ये झाला आणि २००९ मध्ये ते अस्तित्वात आलं. खासगी कंपनी आधी आली आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा तीन वर्षांनी, हा क्रमच पुढच्या अनेक वादांचं मूळ आहे. ब्रिटनने १९८७ मध्ये हीथ्रोसह आपले मोठे विमानतळ विकले, तेव्हा दर नियंत्रणाची चौकट विक्रीच्याच कायद्यातून आली होती.

नियामकाचं गणित असं चालतं. कंपनीने किती भांडवल गुंतवलं, त्यावर किती परतावा रास्त, देखभालीला किती, घसारा किती हे मांडून पाच वर्षांच्या उत्पन्नाचा आकडा ठरतो. दुकानं आणि जाहिरातींतून येणाऱ्या पैशाचा ३० टक्के भाग त्यातून वजा होतो. उरलेली रक्कम विमान कंपन्या आणि प्रवाशांकडून वसूल होते. मुंबईत मे २०२५ पासून देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशाला १७५ आणि उतरणाऱ्याला ७५ रुपये वापर शुल्क लागू झालं. परदेशी जाणाऱ्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला ६१५. नवी मुंबईसाठी सुरुवातीचा तात्पुरता दर देशांतर्गत निघणाऱ्याला ६२०, परदेशी जाणाऱ्याला १,२२५ असा मंजूर झाला. तिकिटाच्या आकड्यात हे मिसळलेलं असतं, म्हणून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि ते ३८.७ टक्के? प्राधिकरण देशभर शंभराहून अधिक विमानतळ सांभाळतं, त्यांतले बरेच तोट्यात आहेत. मुंबई आणि दिल्लीच्या वाट्यातून त्यांचा खर्च निघायला मदत होते. कोविडमध्ये विमानं जमिनीवर आली, तेव्हा कंपनीने वाटा देणं थांबवलं आणि लवादाने त्या काळापुरती सूट तिच्या बाजूने मान्य केली. करारात दैवी आपत्तीचं कलम होतं, त्याचा आधार कंपनीला मिळाला. सहारच्या कार्गोवर गाडी लावून पोट भरणाऱ्या टेम्पोवाल्याच्या कर्जाच्या कागदात तसं कलम नसतं.

दर ठरवण्याआधी नियामक मसुदा जाहीर करतो आणि लेखी हरकती मागवतो. कार्गोच्या ठेकेदारांचे दरही त्याच्यापुढे येतात. तिथे विमान कंपन्या बोलतात, त्यांच्या संघटना बोलतात. भिवंडीच्या वाहतूकदारांनी, गोदाममालकांनी, यंत्रमागवाल्यांनी तिथे जाऊन आपलं म्हणणं मांडायला काहीच आडकाठी नाही. हे दार उघडं आहे आणि आपण ते वापरलं पाहिजे.

मालक बदलतो तेव्हा

जीव्हीके समूह कर्जात बुडाला. ऑगस्ट २०२० मध्ये अदाणी समूहाने त्याचं विमानतळांशी जोडलेलं कर्ज विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि १३ जुलै २०२१ रोजी मुंबई विमानतळाचं व्यवस्थापन त्याच्याकडे आलं. सोबत नवी मुंबईचा प्रकल्पही आला. त्याआधी २०१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम या सहा विमानतळांच्या निविदा याच समूहाने जिंकल्या होत्या. मुंबईच्या हस्तांतरात जीव्हीकेवर दबाव आला असा आरोप फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत झाला. जीव्हीकेच्या संजय रेड्डी यांनी तसा दबाव नव्हता असं जाहीरपणे सांगितलं.

आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतोच. २००६ मध्ये देशाने एक निविदा काढली, कंपन्या पारखल्या आणि एकीची निवड केली. १५ वर्षांनी चालवणारा हात बदलला, तो निविदेशिवाय, बँकांच्या कर्जाच्या वाटेने. कायद्याने ते बसतं, संबंधित यंत्रणांची मंजुरीही घेतली गेली. पण जो विमानतळ लाखो लोकांच्या उपजीविकेला बांधलेला आहे, त्याचा चालक बदलताना त्या लोकांना काही विचारायची सोय करारात नाही.

जुन्या करारात आणखी एक कलम होतं. मुंबईपासून १५० किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ निघाला, तर मुंबईच्या कंपनीची बोली सर्वोच्च बोलीच्या १० टक्क्यांच्या आत असल्यास तिला त्या बोलीशी बरोबरी करण्याची संधी द्यायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवी मुंबईच्या निविदेत या कलमाची गरजही पडली नाही. मुंबईच्या कंपनीने उत्पन्नाचा १२.६० टक्के वाटा देऊ केला, जीएमआरने १०.४४ टक्के. दोन विमानतळ एकाच कंपनीकडे गेले. लंडनमध्ये उलट घडलं होतं. तिथल्या स्पर्धा आयोगाने हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड एकाच कंपनीकडे असणं प्रवाशांच्या हिताचं नाही असा निष्कर्ष काढला आणि २००९ मध्ये गॅटविक, पुढे स्टॅन्स्टेड वेगळ्या मालकांकडे गेले. भिवंडीच्या माल पाठवणाऱ्याला दोन विमानतळ मिळाले, पण भाव विचारायला दोन दारं मिळाली नाहीत.

उलव्याची जमीन, जासईचं नाव

नवी मुंबईचा विमानतळ १,१६० हेक्टरवर आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खाडीकाठची तिवरं गेली आणि दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. ही नावं विमानतळाच्या कुठल्याही भिंतीवर ठळक लिहायला हवीत. विस्थापितांना साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज मिळालं. देशातल्या अनेक प्रकल्पांपेक्षा ते चांगलं होतं, आणि ते सरकारच्या मनाच्या मोठेपणातून आलेलं नव्हतं. जासईचे दि. बा. पाटील आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले आगरी-कोळी शेतकरी यांनी जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व रुजलं, त्याचाच विस्तार पुढे साडेबावीस टक्क्यांत झाला.

म्हणूनच विमानतळाला दिबांचं नाव द्यावं ही मागणी एवढी खोल आहे. १० जून २०२१ ला मानवी साखळी झाली, २४ जूनला राज्य सरकारच्या सिडकोला घेराव. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नावाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी विमानतळाचं उद्घाटन केलं, तेव्हाही नावाची घोषणा झाली नाही. त्याआधी सप्टेंबरमध्ये भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे यांच्या पुढाकाराने भिवंडीहून मोठी कार रॅली निघाली होती. पनवेल-उरणच्या विमानतळासाठी भिवंडी रस्त्यावर का उतरली, असं काहींना वाटलं. भूगोल पाहिला की उत्तर मिळतं. खाडीकाठची आगरी वस्ती पनवेलपासून वसईपर्यंत सलग आहे. भातशेती, मिठागरं, मासेमारी आणि मग महामार्ग, कारखाने, गोदामं, हा प्रवास सगळ्यांनी एकत्र केला. नावाचा आग्रह हा त्या जमिनीवर आपला हक्क होता याची नोंद ठेवण्याचा आग्रह आहे.

कंपनीचं ब्रीद, तिचा लोगो, झाहा हदीद यांच्या कार्यालयाने कमळाच्या आकारातून साकारलेलं टर्मिनल हे सगळं सुंदर आहे. पहिल्या टप्प्यावर १९,६५० कोटी रुपये खर्च झाले, वर्षाला दोन कोटी प्रवासी आणि पाच लाख टन मालाची क्षमता उभी राहिली.  जमीन देणाऱ्याचं स्थान मात्र या हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात नाही.

गोदामांचा तालुका

भिवंडीचं गोदामांचं शहर कुणी आखलं नाही. मुंबईत जकात होती, इथल्या ग्रामपंचायतींत नव्हती. मुंबईच्या वेशीवर, महामार्गाला लागून, स्वस्त जमिनीवर माल ठेवायचा आणि गरजेपुरता शहरात न्यायचा, हा हिशेब व्यापाऱ्यांनी केला. शेतकऱ्याने भाताच्या खाचरावर भराव टाकला, पत्र्याचे गाळे उभे केले आणि भाडं घेऊ लागला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत, उलट आणखी मोठी झाली. ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांची प्रचंड केंद्रं तालुक्यात आली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरचा ७०१ किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावात येऊन टेकला. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच परिसरातून जातो.

२००७ मध्ये भिवंडीभोवतीच्या गावांसाठी एमएमआरडीएला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. तोवर गाळ्यांची रांग लागली होती आणि त्यांतले असंख्य परवानगीशिवाय होते. २९ एप्रिल २०२३ रोजी वलपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि आठ जण गेले. खाली गोदाम, वर माणसं राहत होती. गोदामांच्या आगी तर इथल्या बातम्यांत नेहमीच्या झाल्या आहेत. हमालांची स्थितीही वेगळी नाही. माथाडी कायदा १९६९ सालचा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांसाठी मिळवलेलं हे संरक्षण महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे. पण इथल्या मोठ्या गोदामांत पेट्या उचलणारे असंख्य हात त्या कायद्याच्या नोंदीबाहेर, ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत.

आता विमानतळ आणि ही गोदामं शेजारी ठेवून पाहा. विमानतळाच्या कुंपणाच्या आत प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब आहे. आग विझवणारी गाडी किती मिनिटांत कुठे पोहोचली पाहिजे याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. रांगेत प्रवाशाने किती वेळ थांबावं, याचं प्रमाणही करारात लिहिलेलं आहे. त्याच विमानातून उतरलेला माल साठवणाऱ्या गाळ्यासाठी असं मानक असलं तरी तपासायला कुणी येत नाही.

रस्त्याचंही तसंच. दुसरं टर्मिनल सुरू झालं त्याच दिवशी, १२ फेब्रुवारी २०१४ ला, एमएमआरडीएने बांधलेला सहार उन्नत मार्ग खुला झाला आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून प्रवासी थेट टर्मिनलच्या दारात जाऊ लागला. मालाच्या गाडीसाठी असा मार्ग कुणी बांधला नाही. भिवंडीची गाडी माजिवड्याच्या कोंडीतून, मुलुंड नाक्यावरून, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरून सहारच्या कार्गो रस्त्यावर रांगेत लागते. नवी मुंबईला जायचं तर कल्याण फाटा, शिळफाटा, तळोजा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू दक्षिण मुंबईच्या प्रवाशाला नव्या विमानतळाजवळ घेऊन गेला. भिवंडी तालुक्यातून जाणारा विरार-अलिबाग मार्ग भूसंपादनात आणि निविदांत वर्षानुवर्षं अडकला. विमानतळाच्या वेळेत रस्ता बांधण्याची शिस्त सरकारने प्रवाशासाठी पाळली, मालासाठी नाही.

हा दोष कंपनीचा नाही. कंपनीने करारात लिहिलेलं करायचं आणि तिचा करार कुंपणापाशी संपतो. दोष करार करणाऱ्या सरकारचा आहे. न्हावाशेव्याच्या बंदरात १९९७ मध्ये पहिलं टर्मिनल खासगी कंपनीला दिलं गेलं, तेव्हाही हेच झालं होतं. धक्क्यावर क्रेनचा वेग वाढला आणि बाहेर कंटेनरच्या रांगा वाढल्या. कंपनी आली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं सरकारला वाटत राहिलं. खरं तर ती तिथून वाढते. आतलं काम दुसऱ्याने घेतल्यावर बाहेरचं काम करण्यासाठी सरकारचे हात मोकळे झालेले असतात.

२०३६

विमानतळ कुणी आणि कसा चालवावा, या प्रश्नाची महाराष्ट्र आणि गोव्यात गेल्या काही वर्षांत वेगवेगळी उत्तरं आली आहेत. गोव्यात मोपाचा विमानतळ जीएमआरकडे गेला, उत्पन्नाचा ३६.९९ टक्के वाटा राज्याला द्यायचा ठरला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली. नागपूरला तीच कंपनी निवडली गेली, मग सरकारने निविदा रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, मे २०२२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अखेर करार झाला. लातूर, नांदेड, बारामती, धाराशिव, यवतमाळ हे छोटे विमानतळ २००९ मध्ये रिलायन्सच्या कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले, पण ते बहरले नाहीत. यावरून दिसतं की खासगी किंवा सरकारी या शब्दांत चांगलं-वाईट ठरत नाही. कागद कुणी लिहिला, काय विसरला आणि नंतर कुणी पाठपुरावा केला यावर ते ठरतं.

नवी मुंबईच्या कंपनीत सिडकोची २६ टक्के भागीदारी आहे आणि उत्पन्नाच्या १२.६० टक्क्यांचा वाटा सिडकोचा आहे. सिडको म्हणजे महाराष्ट्र सरकार. सहारच्या बाबतीत दिल्लीकडे बोट दाखवता येतं, इथे येत नाही. म्हणून पहिली मागणी इथेच करता येते. या वाट्याचा ठरावीक हिस्सा मालाच्या रस्त्यांवर, ट्रकतळांवर आणि गोदामपट्ट्याच्या अग्निसुरक्षेवर खर्च होईल, असं सरकारने ठरावाने बांधून घ्यावं आणि दरवर्षी त्याचा हिशेब विधिमंडळासमोर मांडावा. भिवंडी तालुक्यात सीमाशुल्काच्या तपासणीची सोय वाढवली, तर पेटी इथेच सील होऊन थेट विमानापर्यंत जाईल आणि सहारच्या रस्त्यावरची रांग कमी होईल. विमानतळाच्या कार्गो शेडसाठी जे सुरक्षेचे निकष आहेत, त्यांचा किमान गाभा त्या विमानतळावर माल पाठवणाऱ्या गोदामांनाही लागू व्हावा.

दुसरी मागणी सहारची आहे आणि तिला तारीख आहे. मे २०३६ मध्ये मुंबईच्या कराराची पहिली ३० वर्षं पूर्ण होतील. कराराचा भंग झालेला नसेल, तर आणखी ३० वर्षं तो वाढवून मागण्याचा अधिकार कंपनीला आहे. त्या वाढीचे निर्णय शेवटच्या दिवशी होत नसतात, त्यांची तयारी आधीच सुरू होते. २००६ मध्ये हा करार लिहिला गेला, तेव्हा भिवंडीला कुणी विचारलं नव्हतं आणि भिवंडीनेही विचारलं नव्हतं. आता वाहतूकदारांच्या संघटना आहेत, गोदाममालकांच्या आहेत, माथाडींच्या आहेत. ग्रामपंचायती आहेत आणि भिवंडीच्या महानगरपालिकेतले निवडून दिलेले नगरसेवक आहेत. या सगळ्यांनी मूळ करार आणि नियामकाचे आदेश वाचावेत, त्यांचं मराठीत भाषांतर मागावं आणि कुंपणाबाहेरच्या आपल्या अटी लिहून केंद्र आणि राज्याच्या हाती द्याव्यात. मुदतवाढीचा कागद टेबलावर येईल, तेव्हा भिवंडीचा अर्ज त्याच्याआधी तिथे पोहोचलेला असला पाहिजे.